पाण्याच्या तोंडाचं रोप

खोली बघायला येणारा माणूस आधी नळ सोडून बघतो, मग संडास किती बिऱ्हाडांत आहे ते विचारतो आणि शेवटी भाड्यावर घासाघीस करतो. बेळगावात इतकी वर्षं भाडेकरू ठेवतोय आम्ही, तो क्रम मला पाठ झालाय. परशरामआण्णांनी यातलं काहीच केलं नाही. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, खिडकी उघडली, बाहेर कान दिला आणि मला म्हणाले, "वहिनी, शाळंची घंटा हितं ऐकाय येतीया न्हवं?"

मी म्हटलं, ऐकू येते म्हणजे काय, डोकं उठवते. वामकुक्षीचं नाव काढू नका. त्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मी जणू नळाला चोवीस तास पाणी आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो पुढं आमच्या वठारात, म्हणजे परसातल्या या चाळीत, म्हणीसारखा झाला. "आणि वर्गाला एक बाई हाय न्हवं?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शाळा आहे. मोठ्या लोकांची नव्हे. सरकारी अनुदानावर चालणारी, मराठीतली, निम्म्या वर्गांवर अजून पत्रा. पण पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्गाला वेगळी बाई, आणि ती बाई रोज येणारी. शहरातल्या माणसाला यात काय कौतुक वाटणार? आम्हाला वाटायचं, शाळा म्हटल्यावर मास्तर असणारच. पण माझ्या सासऱ्यांनी परसात उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी म्हणून चार खोल्या बांधल्या आणि त्या भरल्या मात्र या शाळेमुळं. खानापूरकडचे, निपाणीकडचे, अगदी हाकेच्या अंतरावरच्या कंग्राळीचेसुद्धा लोक गावातलं ऐसपैस घर, परडं, म्हशी सोडून आमच्या त्या काडेपेटीएवढ्या खोल्यांत पोरं घेऊन राहायचे. चारही खोल्यांत अर्धी अर्धी बिऱ्हाडं. आई आणि पोरं इथं, बाप तिकडं शेतावर. रविवारी बाप तांदळाचं पोतं घेऊन यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत.

परशरामआण्णांचं तेवढं उलटं. त्यांची बायको, लक्ष्मी, गावात राहिली आणि ते धाकट्या पोराला, ओंकारला, घेऊन आले. खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. भातशेती लक्ष्मीच बघायची, अंथरुणाला खिळलेल्या सासूचंही तीच करायची. आण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. त्याआधी तिथंच चार-पाच जणांत एका खोलीत पडायचे आणि सुट्टीला गावी जायचे. खोली ठरवण्याआधी त्यांनी कामावर दांडी मारून अख्खा दिवस शाळेच्या फाटकासमोर काढला होता, हे मला नंतर कळलं. आतमध्ये बाया जातात का, आणि शाळा सुटेपर्यंत आतच राहतात का, एवढं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. समोरच्या पानवाल्याला वाटलं, हा माणूस पोरं पळवायला आलाय.

काळा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. फाउंड्रीतली काळी रेती त्यांच्या तळव्यांच्या रेघांत अशी मुरलेली, की किती साबण लावा, हात उन्हात धरला की रेघ न् रेघ मोजता यावी. ओंकारच्या पुस्तकाला हात लावण्याआधी ते दोनदा हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे, मग पुन्हा वास घेऊन बघायचे. भाकरी स्वतः करायचे. पहाटे त्यांच्या खोलीतून थापण्याचा आवाज आला की वठारातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, उठा गं, परशरामवहिनी उठल्या. ते ऐकून ते रागवायचे नाहीत. एकदा शेजारच्या खोलीतल्या सुरेखाची भाकरी तव्यावर चिरली तर दारात येऊन शांतपणे सांगून गेले की पाणी उकळीचं घ्या, कोमट चालत न्हाय. सुरेखा आठ दिवस फणफणत होती.

भिंतीला त्यांनी कधी खिळा ठोकला नाही. भाड्याच्या भिंतीला कशाला दुखवायचं, म्हणायचे. खिडकीच्या गजांना दोरी बांधून तीवर दोघांचे कपडे. खोलीत एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह. पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, हे आज संध्याकाळच्या गाडीनं निघालेत. दुसरी पाळी असली की सकाळी ते पायरीवर बसून तांदूळ निवडायचे आणि शाळेची घंटा झाली की हात थांबवायचे. प्रार्थना संपेपर्यंत तसेच. मग पुन्हा निवडायला लागायचे.

मी एकदा विचारलं, तुम्ही कितवी शिकलात? तर म्हणाले, "सातवीचा दाखला हाय, वहिनी. वाचाय तेवढं येत न्हाय." मला आधी वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांच्या लहानपणीही एकच मास्तर, आणि तो कधी जनगणनेला, कधी निवडणुकीला, कधी नुसताच खानापूरला. पोरं वर्षामागून वर्षं वरच्या वर्गात सरकायची आणि शेवटी दाखला घेऊन बाहेर पडायची. त्यांना सही येत होती. बसची पाटी ते रंगावरून आणि ड्रायव्हरवरून ओळखायचे.

आणि ओंकार म्हणजे, आता खरं तेच सांगते, पोरगं गुणाचं पण डोक्यानं मंद. त्याला सायकलची चेन, गळका नळ, बंद पडलेलं घड्याळ द्या, तासभर हलणार नाही. अक्षर म्हटलं की डोळे जड. संध्याकाळी पायरीवर बापलेक पुस्तक घेऊन बसायचे. ओंकार बोट ठेवून ब, द, क म्हणायचा आणि बाप मागून ब, द, क म्हणायचा. मला आधी वाटलं, ते पोराचं म्हणणं तपासतात. पुढं लक्षात आलं की तेही शिकतायत. एका पावसाळ्यात ओंकार जोडाक्षरांपाशी येऊन अडला आणि बाप पुढं निघून गेला. ते बघून मला हसू आलं.

रेणुका ही त्यांची थोरली. ओंकारपेक्षा तीन वर्षांनी मोठी, ती गावात आईपाशी. दिवाळीच्या सुट्टीत ती पहिल्यांदा आमच्याकडं आली. दोन वेण्या, परकर, आणि नजर अशी की तुमच्याआधी तुमचं वाक्य संपवेल. आल्या दिवशीच वठारातली सगळी पोरं गोळा करून तिनं शाळा मांडली. माझ्या हातातला पेपर घेऊन बातमी तर बातमी, पण लग्न जुळवण्याच्या जाहिरातीसुद्धा खणखणीत वाचून दाखवल्या आणि मला विचारलं, काकू, गृहकृत्यदक्ष म्हणजे घर बांधणारी का? दुकानावरच्या कन्नड पाट्या वाचायची, त्याही न शिकवता, बसमधल्या बायकांना विचारून विचारून. असलं पोर मी माझ्या नात्यागोत्यात पाहिलेलं नाही.

मग माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट, मनात ठेवणं जमत नाही. त्या संध्याकाळी मी आण्णांना परसातच गाठलं आणि तोंडावर विचारलं, की ही हिऱ्यासारखी पोरगी तिकडं जंगलात ठेवून या दगडोबाला का आणलंत? पोरगा म्हणून ना? वंशाचा दिवा म्हणून ना? वठारातल्या बायका आपापल्या दारांत थबकल्या. कुणीतरी हे एकदा म्हणायलाच हवं होतं.

आण्णा खाली बसले आणि बोटानं मातीत एक आडवी रेघ ओढली.

"तसं न्हाय, वहिनी. ह्यो बांध समजा. आमच्या शेतात गोठ्याचं पाणी हितनं उतरतंय. रोपलावणीला आमी काय करतो, जे रोप अशक्त, पिवळं, ते ह्या पाण्याच्या तोंडाला लावतो. खत-पाणी पयलं त्याला मिळतंय. जोरदार रोप लांब कुटंबी लावलं तरी तग धरतंय. रेणूचं तसं हाय. हुशार पोर कुटंबी शिकतंय. ह्याला मातर चांगली जमीन न्हाय दिली तर ह्यो माझ्यासारखा व्हईल. दाखल्याचा."

मला शेतातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय बाकीची कारणंही खरी होती. सासूचं करायला लक्ष्मीला हाताखाली कुणी पाहिजे होतं. आण्णांची पाळी रात्रीची आली की वाढत्या पोरीला खोलीत एकटं ठेवायचं कसं? आणि गावचा मास्तर तर हातापाया पडला होता. दोन्ही पोरं नेलीत तर पट कमी होऊन शाळेला कुलूप लागेल, निदान हुशार तेवढी ठेवा, साहेब तपासायला आले तर दाखवायला एक पोर लागतंय, असं म्हणाला होता. हे सगळं त्यांनी मला एकेक करून सांगितलं. पण ते त्या कारणांवर टेकून बसलेले नव्हते. ते त्या रोपावर टेकून बसले होते, कारण ते आयुष्यात एकदाही चुकलेलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी त्यांच्या गावची लक्ष्मीदेवीची यात्रा आली. आण्णांनी आग्रह करकरून आम्हाला नेलं. यात्रेचा गोंधळ उतरल्यावरही आम्ही दोन दिवस राहिलो. घर मोठं, शेणानं सारवलेलं, पुढं माड, मागं फणस. असल्या घरातून उठून हा माणूस माझ्या काडेपेटीत राहतो, याची मला लाज वाटली आणि रागही आला. राग कुणावर ते मात्र सांगता येईना. लक्ष्मी फार बोलत नव्हती. मी विचारलं, करमतं का हो तुम्हाला? तर म्हणाली, करमायला वेळ कुठाय. अख्ख्या मुक्कामात तेवढंच एक वाक्य ती स्वतःबद्दल बोलली.

सोमवारी आण्णा मला म्हणाले, चला, आमची मास्तरीण दावतो. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. मास्तर मीटिंगला गेला होता. खोलीत पहिली-दुसरीची पोरं ओळीत बसलेली, आणि फळ्यापुढं हातात छडी घेऊन रेणुका. फळ्यावर तिचं अक्षर, टपोरं, एका रेषेत. ती क म्हणाली की पोरं क म्हणत होती. एक पोर रडायला लागलं तर तिनं त्याला काखोटीला मारलं आणि बाराखडी पुढं चालू. मास्तर म्हणे निर्धास्त होता. ऑफिसचे कागद रंगवायचे असोत, तालुक्याला जायचं असो, रेणुका आहे. गावात कुणी तिला नावानं हाक मारत नव्हतं, सगळे मास्तरीणबाई म्हणत होते. दारात उभं राहून आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. सांगितलं न्हवतं का मी, असा तो चेहरा. एवढा आनंदी माणूस मी नंतर कधी पाहिला नाही. मलाही कौतुक वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

तिची स्वतःची शाळा केव्हा भरते, हे तिथं कुणी विचारलं नाही.

गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या मोठ्या गावात जायचं म्हणजे जंगलाची वाट, आणि त्या साली त्या वाटेवर अस्वलानं एका माणसाला फाडलं होतं. पोरींची शाळा सातवीला संपायची ती अशीच. पण आण्णांनी ठरवलं होतं, आता रेणूची पाळी. त्यांची म्हातारी आई तोवर गेली होती, फाउंड्रीत त्यांनी पदर पसरून कायमची दिवसपाळी मागून घेतली होती. मे महिन्यात त्यांनी खोलीला आतून चुना मारला. दोरीच्या शेजारी दुसरी दोरी बांधली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारून भिंतीला खिळा मारला, पोरीला आरसा लागतो म्हणून. मी म्हटलं, एक काय, दहा मारा.

शाळेत नाव घालायला मीही बरोबर गेले. मोठ्या बाई माझ्या ओळखीच्या, समजूतदार. त्यांनी रेणुकाला समोर बसवून मराठीचा उतारा दिला. तो तिनं घडाघडा वाचला आणि आण्णा खुर्चीत ताठ झाले. मग बाईंनी गणित घातलं, अपूर्णांकांचं. रेणुका कागदाकडं बघत राहिली. बाईंनी सोपं करून भागाकार घातला. तिनं तो मांडला, सुंदर अक्षरात, आणि मधेच थांबली. इंग्रजीच्या पुस्तकातली एबीसीडी तिनं म्हणून दाखवली. पुढचं पान उलटलं तेव्हा तिनं ते पुन्हा मागं उलटलं. विज्ञान, इतिहास, सगळीकडं तेच. तिसरीपर्यंतचं सगळं आरशासारखं लख्ख, आणि त्यापुढं भिंत.

मग ती मान वर करून म्हणाली, "बाई, मला पयलीचं आन दुसरीचं सगळं पाठ हाय. शिकवाय बी येतंय."

बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट बोलल्या नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू. त्या म्हणाल्या, वयानं हिचं नाव आठवीतच घालते, नियम तसा आहे. पण तिथं ही नुसती बसून राहील. वर्षभर पाचवीच्या वर्गात बसू दे, पोरगी तल्लख आहे, भराभर उचलेल. रेणुकानं विचारलं, पाचवीत ओंकार हाय न्हवं? बाई हो म्हणाल्या. त्यावर ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर आण्णांनी स्टोव्ह पेटवला नाही. पायरीवर बसले. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी मान वर केली नाही. मी चहा नेऊन ठेवला तो तसाच गार झाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "रोप हिरवंगार दिसत हुतं, वहिनी. जाईन तवा दिसत हुतं. उपटून मूळ बगायचं ऱ्हायलं."

मला त्या मास्तराचा गळा धरावासा वाटला, आजही वाटतो. पण त्या मास्तराला तरी किती शिव्या घालायच्या? पाच-सात वर्गांना एक माणूस. त्याच्या जागी मी असते तर मीही हुशार पोरीच्या हातात छडी दिली असती.

रेणुका आठवीतच बसली. धाकट्या भावाशेजारी बसायला ती तयार झाली नाही, आणि त्या वयाच्या पोरीला कोण समजावणार? शेवटच्या बाकावर बसायची. पहिले काही दिवस मी तिला विचारायची, आज काय शिकवलं गं? ती सांगायची, बाई चांगल्या आहेत. एवढंच. वठारातल्या पोरांना गोळा करणं तिनं बंद केलं. सुरेखाच्या धाकटीनं एकदा पाटी आणून पुढ्यात धरली, तर तिनं ती हळूच बाजूला सारली. हळूहळू ती खोलीतलं करायला लागली. भाकरी, धुणं, ओंकारचा डबा. बायका म्हणायला लागल्या, बरं झालं, खोलीला बाईमाणूस मिळालं. आण्णा तिच्या हातातली परात ओढून घ्यायचे, तू अभ्यास कर म्हणायचे, आणि ती म्हणायची, झाला. पहाटे आधी कोण उठतं याची त्या बापलेकीत शर्यत लागायची आणि रोज तीच जिंकायची.

आषाढात रोपलावणीला म्हणून ती गावी गेली. चार दिवसांत येते म्हणाली. आण्णा तिला आणायला दोनदा गेले आणि दोनदा एकटेच परत आले. तिनं आरडाओरडा केला नव्हता, रडली नव्हती. नुसती चिखलात उभी राहून रोप लावत राहिली, आणि हे बांधावर. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. आरसा मात्र त्या खिळ्याला तसाच होता, आणि त्यात बघून ओंकार भांग पाडायचा.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. रेणुका काजूच्या कारखान्यात लागली. गावात आता पोरं उरलीच नव्हती, जो तो अशीच कुठंतरी शहरात खोली करून राहिलेला, म्हणून शाळेला कुलूप लागलं ते लागलंच. हे मास्तर आधीच बोलला होता. ओंकार दहावी पास झाला, रखडत, पण झाला. आयटीआय केलं आणि उद्यमबागेतच मशीनवर लागला. बापासारखा दाखल्याचा झाला नाही. वाचतो, लिहितो, मोबाईलवर मालकाला इंग्रजीत मेसेज पाठवतो. अशक्त रोप पाण्याच्या तोंडाला तरारलं. आण्णांचं ते म्हणणं खोटं ठरलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

रेणुकाच्या लग्नाला मी गेले होते. जवळच्याच गावात दिली. मांडवात मी तिचे हात हातात घेतले तर मेंदीच्या खाली काजूच्या चिकाचे काळे डाग. बापाच्या तळव्यांसारखेच. ती हसली आणि मला जेवायला घेऊन गेली. लग्नानंतर आण्णांनी खोली सोडली. जाताना त्यांनी खिळा काढला, भोक चुन्यानं बुजवलं आणि मला बोलावून दाखवलं, बगा, कुटं हुतं वळकाय येत न्हाय.

त्यानंतर ते एकदाच आले. गेल्या वर्षी, एप्रिलमध्ये. केस पांढरे, पाठीचा बाक वाढलेला, आणि बोटाला पाच वर्षांची पोरगी. रेणुकाची, श्रेया. आई कारखान्यात जाते तेव्हा पोरगी आजोळी असते म्हणाले. मी चहा टाकला. पोरगी स्वयंपाकघरात माझ्यामागं आली आणि फडताळावरचे डबे, पुडे बघत उभी राहिली. मिठाच्या पिशवीवर बोट ठेवून म्हणाली, आयोडीनयुक्त. बोट न अडखळता. मग चहाच्या पुड्यावर गेली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

मी ओरडलेच, आण्णा, वाचते की हो ही! मला वाटलं होतं, तो यात्रेच्या वेळचा चेहरा पुन्हा बघायला मिळेल. पण ते दारात आले ते घाबरून. पोरीला जवळ ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, कुणाजवळ बोलू नका.

मग त्यांनी सांगितलं. पोरीला त्यांनीच शिकवलं होतं, दुपारी गोठ्यात बसून, ओंकारबरोबर पायरीवर जेवढं शिकले होते तेवढं. ते तिनं दोन महिन्यांत संपवलं आणि पुढचं स्वतःच उचललं. तेव्हा त्यांनी रेणुकाजवळ विषय काढला. पोरगी लई हुशार आहे, बेळगावात पुन्हा खोली करतो, मी राहतो हिला घेऊन, भाकरी येतात मला. रेणुका धुणं धूत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती म्हणाली, हुशार हाय न्हवं, मग ऱ्हाऊ दे की हितंच. हुशार पोर कुटंबी शिकतंय. तुमीच म्हणायचासा, आण्णा."

चहावर साय धरली होती. मी विचारलं, मग? तर म्हणाले, मग काय, महिनाभरानं मीच तिला सांगितलं की माझी चूक झाली, पोरगी ढ आहे, अक्षर धरत नाही, ओंकारपेक्षा मंद. हिला चांगली शाळा पाहिजेच. आणि पोरीला बजावून ठेवलंय, आईपुढं वाचायचं नाही. पाटी दिसली, पुडा दिसला, काहीही दिसलं तरी गप्प बसायचं. आता रेणू विचार करते म्हणालीया.

खोली रिकामी होती, ती मी त्यांच्यासाठी ठेवते म्हटलं. ते उठून मागं गेले, खिडकी उघडली, घंटा ऐकू येते का बघितलं. सुट्टी लागली होती, घंटा कुठली. जून आला, गेला. खोली मी तशीच ठेवली, नवऱ्याची बोलणी खाल्ली. शेवटी जुलैमध्ये निपाणीकडच्या एका बाईला दिली, तिची दोन पोरं. आण्णांचा फोन लागत नाही. ओंकारला विचारलं तर म्हणाला, बघू काकू, ताईच्या मनात काय आहे कळत नाही.

एप्रिलमधल्या त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. ऊन मी म्हणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोघं शाळेच्या भिंतीकडेनं चालले होते. कोपऱ्यावर नवीन दुकान झालंय, त्यावर केवढी मोठी पाटी, वर कन्नड, खाली मराठी. पोरगी थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली, आधी मराठी, मग कन्नडसुद्धा, एकेक अक्षर फोडून, तिच्या आईसारखं खणखणीत. आण्णांनी झटकन मागं वळून पाहिलं, आणि रेती मुरलेला तो तळवा तिच्या तोंडावर ठेवला.